वाकलेला पंख आणि ड्राय बाल्कनी : एका घरगुती एअरोमॉडेलिंग कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

पुण्यात सिंहगड रस्त्यावरची सोसायटी, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. राहणारी माणसं पाच : काका, काकू, मुलगा, सून आणि दहावीतला नातू. काका बँकेतून निवृत्त झालेले. कॉलेजात असताना ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते आणि तिथे कंट्रोल लाइनची, म्हणजे तारांनी हातात धरून गोल फिरवायची, मॉडेल विमानं उडवायचे. कोलकात्याची ऑरोरा डिझेल इंजिनं, त्यात रॉकेल, एरंडेल आणि ईथर यांचं मिश्रण. तो वास आठवला की काकांचा चेहरा आजही उजळतो. मग नोकरी, बदल्या, घराचे हप्ते यांत सगळं मागे पडलं. निवृत्तीनंतर पुन्हा सुरुवात झाली ती इलेक्ट्रिक मोटर, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि रेडिओ कंट्रोलच्या जमान्यात.

मी त्यांच्या उडवण्याच्या कंपूतला. माझा हात सुतारकामात बरा चालतो म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं. तक्रार एका वाक्याची होती : "अरे, जागा पुरत नाही. काहीतरी कर." हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं की शेवटी जागा होती तेवढीच राहिली, तरी प्रश्न बराचसा सुटला.

विमानाचं दुखणं

विमान साधं होतं. वर पंख असलेलं थ्री-चॅनेल ट्रेनर, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे). एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा, नाहीत. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १५०० मिमी, रुंदी २५० मिमी, खालची बाजू सपाट. बाल्सा या हलक्या लाकडाच्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा), वर इस्त्रीने चिकटवायची प्लास्टिकची फिल्म. पंखाचे ७५० मिमीचे दोन अर्धे भाग वेगवेगळे बांधून मध्ये प्लायच्या तुकड्याने जोडलेले, टोकं थोडी वर उचललेली. उडण्याच्या तयारीतलं वजन १.४ किलो.

जून अखेरीला पंख तयार झाला आणि जुलैतल्या एका उघडीपीच्या सकाळी विमान उडालं. थ्रॉटल दिला की ते उजवीकडे कलायचं. काकांनी रडरचं ट्रिम, म्हणजे रिमोटवरून त्याची कायमची जागा, डावीकडे सरकवत नेलं तेव्हा कुठे सरळ जाऊ लागलं. पण उतरताना वेग कमी झाला की नेमका डावा पंख पडायचा. वेगात उजवीकडे, मंद झालं की डावीकडे. बघणाऱ्यांपैकी कुणी मोटरचा कोन तपासायला सांगितलं, कुणी वजनाचा तोल.

ही दोन्ही लक्षणं एकाच दुखण्याची असू शकतात. डाव्या पंखाचं टोक पिळलं जाऊन पुढची कड वर आली असेल तर तो पंख हवेला जास्त कोनात भिडतो. वेग असताना तो जास्त उचल देतो आणि विमान उजवीकडे कलतं. वेग उतरला की जास्त कोनातलं तेच टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल एकदम तुटते, आणि डावा पंख खाली येतो. पंख सपाट फरशीवर मध्यभागी दाबून धरला तेव्हा डाव्या टोकाची पुढची कड ४ मिमी उचललेली दिसली. २५० मिमीच्या रुंदीत ४ मिमी म्हणजे जवळपास १ अंश. ऐकायला काहीच नाही, पण एवढ्या आकाराच्या विमानाला पुरेसं आहे.

पंख बांधला कुठे?

ड्राय बाल्कनीत. पुण्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून असते ती. इथे चार बाय साडेसहा फुटांची. त्यात वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी, भिंतीवर गॅस गीझर, वर कपड्यांच्या दोऱ्या आणि पश्चिमेला ग्रिल. काकांनी १२ मिमीच्या कमर्शियल प्लायचा एक तुकडा आणला होता. त्याचं एक टोक मशीनच्या झाकणावर, दुसरं प्लास्टिकच्या स्टुलावर. त्यावर आराखडा पसरायचा, वर पातळ प्लास्टिक, आणि त्यावर टाचण्यांनी रिब उभ्या करायच्या.

फेविकॉल लावलेला सांगाडा किमान रात्रभर टाचण्यांखाली तसाच राहायला हवा, पावसाळ्यात तर त्याहून जास्त. काकू सकाळी सातला कपडे लावायच्या. मग काका पहाटे उठून, टाचण्या काढून, अर्धवट वाळलेला सांगाडा हॉलच्या सोफ्यामागे उभा करून ठेवायचे. एकदा विसरले तेव्हा मशीनच्या स्पिनमध्ये सगळ्या रिब थरथरल्या. त्यावरून घरात जे संभाषण झालं ते काकूंच्या तोंडूनच ऐकावं.

मॉडेलिंगच्या मासिकांत दिसणारी कार्यशाळा म्हणजे अमेरिकन गॅरेज नाहीतर तळघर. भिंतभर हत्यारं टांगलेली, मध्ये आठ फुटी टेबल. काकांच्या मनात तेच चित्र होतं आणि त्याला जोडून मेनार्ड हिल यांचा दाखला. अमेरिकेतल्या मेरिलँडचे हे गृहस्थ, दृष्टी जवळजवळ गेलेली, तरी हाताच्या स्पर्शाने मॉडेलं बांधायचे. त्यांचं ५ किलोच्या आतलं विमान २००३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे ३९ तासांत आयर्लंडला उतरलं. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. "त्यांना जमलं, मग मला एक खोली मिळायला काय हरकत आहे?" हा काकांचा युक्तिवाद. हरकत एवढीच की ती खोली नातवाची होती आणि मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा.

इतर पर्यायही बघून झाले होते. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीशेजारी पत्र्याचं शेड टाकायचं काकांच्या डोक्यात होतं. गच्ची सामाईक, त्यामुळे कमिटीने नकार दिला, आणि माझ्या मते योग्यच दिला. पत्र्याखाली मे महिन्यात फिल्म आपोआप सैल पडली असती. पार्किंगमध्ये धूळ आणि मुलांचा क्रिकेटचा चेंडू. हॉलमध्ये टीव्ही.

तपास

जागा शोधण्याआधी पंख का पिळला हे शोधणं मला जास्त गरजेचं वाटलं. नवी खोली मिळूनही पंख पिळलाच असता तर काय उपयोग?

आधी प्लाय तपासला. ॲल्युमिनियमच्या दोन सरळ चौकोनी पट्ट्या प्लायच्या दोन टोकांवर आडव्या ठेवल्या आणि एक डोळा मिटून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड पाहिली. कडा समांतर दिसल्या तर पृष्ठभाग सपाट. इथे एका बाजूला ३ मिमीची फट स्पष्ट दिसत होती. प्लाय पिळलेला होता, आणि पिळाची दिशा पंखाच्या पिळाशी जुळत होती. म्हणजे सांगाडा सुरुवातीपासूनच वाकड्या पाटावर बांधला गेला होता. पातळ कमर्शियल प्लाय, खालून वॉशिंग मशीनची ओल, वरून पश्चिमेचं ऊन, दोन टोकांना वेगवेगळ्या उंचीचे आधार. तो सरळ राहिला असता तरच नवल.

उरलेल्या एखाद्या मिलिमीटरसाठी दोन संशयित होते : दमट लाकूड आणि फिल्म.

पुण्याच्या हवेतली आर्द्रता एप्रिलच्या दुपारी २५ टक्क्यांच्या आसपास उतरते, तर जुलैत दिवसातला बराच वेळ ८० च्या वर असते. बाल्सा हे ओल झटकन पिणारं लाकूड. काकांच्या साठ्यातली १००० बाय १०० बाय २ मिमीची एक शीट जुलैत ३० ग्रॅम भरली. तीच कोरड्या उबदार जागी दोन दिवस ठेवल्यावर साडेअठ्ठावीस. वजनातला हा फरक एक वेळ सोडून देता येतो. खरा त्रास असा की लाकूड रेषांच्या दिशेने जवळपास बदलत नाही, पण आडव्या दिशेने आकसतं आणि फुगतं. जुलैची ओल ते ऑक्टोबरचा कोरडेपणा या प्रवासात १०० मिमी रुंद शीट दीड-दोन मिमीने सहज बदलू शकते. ट्रेलिंग एजची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, एक पट्टी ओली आणि स्पार कोरडा असताना जोडले, की पुढे पंख आपणहून पिळतो.

फिल्मचं प्रकरण वेगळं. ती तापवली की आकसते, आणि वरून-खालून सारखी आकसली नाही तर हलका सांगाडा ओढून घेते. हाच गुण दुरुस्तीलाही वापरता येतो. पंख हाताने उलट्या दिशेला, लागेल त्याहून थोडा जास्त पिळून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजूंच्या फिल्मवर इस्त्री फिरवायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायचं नाही. आम्ही तसं केलं. पंख सरळ झाला, त्या आठवड्यात विमान छान उडालं. ऑगस्ट संपता संपता पीळ निम्मा परत आला. चूक सांगाड्यात होती, फिल्म ती किती दिवस धरून ठेवणार? काकांनी नवा पंख बांधायचं ठरवलं.

(इस्त्री घरातलीच वापरली होती. फिल्मचा गोंद तळाला लागून राहिला आणि तो मुलाच्या पांढऱ्या शर्टवर उतरला. हे वाक्य काकूंच्या आग्रहाने इथे घातलं आहे. आता काकांकडे प्रवासातली एक छोटी जुनी इस्त्री आहे, तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी.)

टेबल नको, पाट हवा

एवढ्यावर माझं मत पक्कं झालं. पंख बांधायला मोठी खोली लागत नाही. लागतो एक सपाट, न वाकणारा पाट, आणि तो पंखासकट एक-दोन दिवस कुणी हलवू नये एवढी सोय. पाटच इतका ताठ केला की सांगाड्यासकट उचलून कुठेही सरकवता येईल, तर टेबल रोज मोकळं करायला काही हरकत नाही. बाल्साच्या शीट साधारण ९१५ किंवा १००० मिमी लांब मिळतात आणि काकांचा पंखाचा अर्धा भाग ७५० मिमी. त्या हिशोबाने १२०० बाय ३५० मिमी पुरेसे होते.

फ्लश डोअरचा तुकडा हा सोपा उपाय. खूप लोक तो वापरतात आणि जिथे टेबल कायमचं मांडता येतं तिथे मीही तोच सुचवेन. पण तो जड, आणि काकांच्या पाठीला वाकून वजन उचलणं झेपणारं नव्हतं. म्हणून टॉर्शन बॉक्स केला : ६ मिमी मरीन प्लायचे दोन पत्रे आणि मध्ये ३८ मिमी उंचीच्या पट्ट्यांची जाळी. आतून पोकळ असल्याने वजन कमी, पण जाळी आणि पत्रे फेविकॉलने एकजीव झाले की पीळ घालणं जवळजवळ अशक्य. वर नोटीस बोर्डाला वापरतात तो १२ मिमीचा सॉफ्टबोर्ड, कारण टाचण्या प्लायमध्ये सहज शिरत नाहीत.

असा बॉक्स ज्या पृष्ठभागावर चिकटवाल त्याचाच आकार कायमचा घेतो. पृष्ठभाग वाकडा असेल तर वाकडेपणाही तितकाच ताठ होऊन बसतो. घरात खात्रीने सपाट असं काय आहे हे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊन शोधलं. जेवणाचं टेबल मध्ये बसलेलं. हॉलच्या फरशांचे सांधे वरखाली. निघाला तो स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, गॅसची शेगडी आणि सिंक यांच्या मधला भाग. पट्ट्यांच्या कडा तिथे अगदी समांतर दिसल्या.

काकू तयार झाल्या, अटींवर. "अहो, सकाळी सहाला ओटा मोकळा पाहिजे. दूध तापवायचंय." मग माझ्याकडे वळून, "आणि तू रे, डाग पडला तर घासायला तूच यायचंस."

रात्रीची भांडी आवरल्यावर ओट्यावर जुनं प्लास्टिक अंथरलं. खालचा पत्रा, त्यावर फेविकॉल लावलेली जाळी, वरचा पत्रा. सी-क्लॅम्प कडांना लागतात, मध्ये पोहोचत नाहीत, म्हणून मध्ये वजन हवं. तांदळाचा डबा, गव्हाचा डबा, खलबत्ता, पाण्याने भरलेल्या दोन कळश्या. कडेने फेविकॉलचे मणी सारखे बाहेर आले की दाब सगळीकडे पोहोचला असं समजायचं. एका कोपऱ्यात आले नव्हते, तिथे नातवाने त्याचे डंबेल आणून ठेवले. सकाळी सहाच्या आत तो अख्खा ढीग उतरवून बॉक्स उभा करून ठेवला. नंतर दोन्ही बाजूंना आणि कडांना सारखं वॉर्निश दिलं. फक्त वरच्या बाजूला दिलं असतं तर खालून ओल शिरून तो पुढच्या पावसाळ्यात बाकदार झाला असता. सॉफ्टबोर्ड मुद्दाम चिकटवला नाही, दुहेरी टेपने चार ठिकाणी अडकवला. तो स्वतः ओल पितो आणि आपल्याबरोबर पाटालाही ओढायला बघतो. शिवाय टाचण्यांनी चाळण झाला की बदलावा लागतोच.

आता काका जेवणाच्या टेबलावर दुपारी काम करतात आणि संध्याकाळी पाट सांगाड्यासकट बेडरूममधल्या लोखंडी पलंगाखाली सरकवतात. पाट ६२ मिमी जाड, वर पंख आणि टाचण्या मिळून अजून पन्नासेक. पलंगाखाली त्याहून बरीच जास्त जागा आहे. फरशी पुसणाऱ्या मावशींना तेवढं सांगून ठेवलं आहे.

कपाट, धूळ, गीझर

बाल्सासाठी एक अरुंद लोखंडी कपाट मिळालं. त्यात तळाशी १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, भोवती जाळी, वर हवा जायला भोकं. बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तीच हवा आत ३१ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, गरम हवेची धरून ठेवायची ताकद वाढते. काकांनी आधी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पाहिल्या होत्या, पण दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात त्या किती पुरणार? बल्ब असलेल्या या कपाटात गोंद, थिनर, थर्मोकोल, बॅटरी यांतलं काहीही ठेवायचं नाही.

सायनो, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, हवेतल्या ओलीनेच वाळतो. पावसाळ्यात तो झटपट धरतो, सांध्याभोवती पांढरी झाक सोडतो आणि उघडी बाटली लवकर घट्ट होते. बंद बाटली फ्रिजमध्ये चालते, फक्त बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. सुती कापडाने मात्र हा गोंद पुसू नये. सुतावर पडला की तो इतका तापतो की बोट पोळतं.

ड्राय बाल्कनी आता फक्त पॉलिश पेपर मारायला उरली आहे. सुनेला दमा आहे आणि बाल्साची धूळ पिठापेक्षाही तरंगती. खोक्याची एक बाजू कापून त्यात जुन्या व्हॅक्युम क्लीनरची नळी अडकवली, घासकाम त्या खोक्याच्या आत, तोंडाला मास्क आणि दार बंद. तरीही कपड्यांच्या दोऱ्यांवर पांढुरकी साय धरते. हा प्रश्न सुटलेला नाही. वाळत घातलेले कपडे असतील त्या दिवशी घासकाम नाही, एवढा तह झाला आहे.

गीझरकडे काकांचं लक्षच गेलं नव्हतं आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती. घरातल्या कुणी बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडला की हा गीझर आपोआप पेटतो. काका तिथे बसून थिनरने ब्रश धुवायचे. म्हणजे आत बसलेल्या माणसाला कल्पना नसताना बाहेर वाफांशेजारी ज्योत. थिनर आणि स्प्रेचा रंग आता गच्चीवर, उघड्यावर, वारा बघून. बाल्कनीत घासकाम सुरू करतानाही काका आधी गीझरकडे येणाऱ्या गॅसचा कॉक बंद करतात. दाराला त्याची पाटी आहे, नातवाच्या अक्षरात.

बॅटऱ्या आधी बेडरूमच्या कपाटात, चादरींच्या शेजारी, पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या असायच्या. तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. साठवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवला, म्हणजे एकूण साडेअकराच्या थोडं खाली, तर बॅटरी टिकते आणि बिघडली तरी भडका कमी. आता त्या हॉलच्या बाल्कनीत, सिमेंटच्या रिकाम्या कुंडीत, वर फरशीचा तुकडा. चार्जिंग तिथेच शहाबादीवर, आणि काका घरात जागे असतानाच.

नंतर

नवा पंख सप्टेंबरमध्ये बांधला. बाल्सा कपाटातून थेट पाटावर, काम थांबलं की उरलेल्या पट्ट्या परत कपाटात. दोन्ही टोकांतला फरक मोजला तेव्हा १ मिमीपेक्षा कमी होता. ऑक्टोबरच्या उन्हात आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पुन्हा मोजला, तेवढाच. रडरचं ट्रिम जवळजवळ मध्यावर आहे आणि उतरताना विमान सरळ बसतं. तयार पंख आता सोफ्यामागे तिरका उभा राहत नाही. बेडरूमच्या दारामागे दोन गादीदार खुंट्यांवर, कापडी पिशवीत आडवा असतो. पुढचा जुलै यायचा आहे, तेव्हा खरी परीक्षा.

दरम्यान काकांनी ग्लायडरचा आराखडा काढायला घेतला आहे, पंख २४०० मिमी. दोन अर्ध्या भागांत केला तर १२०० मिमीच्या पाटाला टोकाला टोक भिडतं, टाचणी मारायला जागा उरत नाही. लांब पाट करू, असं ते म्हणाले. मी पलंगाची लांबी मोजून दाखवली नाही, आराखडाच उलटा केला : तीन तुकडे, मधला १००० आणि टोकाचे ७००-७००. जोडाला कार्बनचा दांडा आणि पितळी नळी. ही नळी किती लांब घ्यायची यावर सध्या आमचं एकमत होत नाही.